शीडफळी आणि लहरी वारा

मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव टेकड्यांच्या कुशीत आहे. वैशाखातील एखाद्या दुपारी टेकडीच्या माथ्यावर उभे राहावे, तो पश्चिमेचा वारा खांद्यावरचे उपरणे उडवून नेऊ पाहतो. आणि पूर्वेच्या पायथ्याशी उतरून यावे, तर झाडाचे पानही हलत नाही. मग वारा गेला कोठे? टेकडी त्याला अडविते, वर उचलते, बाजूला वळविते. तिच्या आडोशाला तो कधी पोहोचतच नाही, तर कधी भोवरे घेत उलट दिशेने येतो.

लवळ्याच्या दक्षिणेस टेकड्यांच्या रांगा ओलांडल्या की मुठेचे खोरे लागते. तेथे खडकवासल्याचा जलाशय आहे. त्याचे जुने धरण १८७९ साली पुरे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ तेही फुटले आणि पुढे पुन्हा बांधले गेले. जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिचे छात्र येथेच शिडाच्या नौका चालवावयास शिकतात. दक्षिणेकडे सिंहगड उभा आहे. डोंगरांनी वेढलेल्या अशा पाण्यावर शीड उभारणे म्हणजे लहरी धन्याची चाकरी होय! कोकणच्या नावाड्याचे त्या मानाने बरे असते. पावसाळा सोडला, तर दिवसा समुद्राकडून खारे वारे व रात्री जमिनीकडून मतलई वारे, असे वाऱ्याचे वेळापत्रकच त्याला पाठ असते.

वाऱ्याचा हा लहरीपणा मोठ्या नौकेपेक्षा एका लहानशा साधनावर अधिक लवकर कळतो. या खेळाला इंग्रजीत विंडसर्फिंग म्हणतात. या लेखापुरते आपण त्या साधनाला शीडफळी म्हणू. पाण्यावर तरंगणारी एक लांबट फळी, तिच्यावर एक डोलकाठी व एक शीड, एवढाच हा संसार. पण डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नसते. तिच्या बुडाशी असा सांधा असतो की ती हवी तिकडे कलते. शीडफळीला सुकाणू नाही. डोलकाठी मागे कलविली की फळीचे तोंड वाऱ्याकडे वळते. पुढे कलविली की वाऱ्यापासून दूर जाते.

ही युक्ती कोणाची, यावर न्यायालयात वाद झाला. अमेरिकेतील दोघांनी १९६८ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. पुढे इंग्लंडमधील न्यायालयापुढे असे सिद्ध झाले की, पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्येच अशी फळी बनवून समुद्रावर चालविली होती. तेथील ते एकस्व रद्द झाले. तुमच्याच वयाचा मुलगा तो! १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने यात कांस्यपदक मिळविले.

आता समजा, एक मुलगी तरंगते जाकीट घालून अशा जलाशयावर उतरली आहे. वारा समोरून येत आहे आणि तिला नेमके तिकडेच जावयाचे आहे. सरळ गेल्यास शीड नुसते फडफडेल. म्हणून ती आधी तिरपी उजवीकडे जाते, मग वळून तिरपी डावीकडे, असे नागमोडी अंतर काटते. वारा शिडावरून तिरपा वाहतो तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखासारखे ओढ निर्माण करते. फळीच्या खालचे उभे पाते तिला बाजूला घसरू देत नाही. मग पुढे जाण्यावाचून फळीला गत्यंतरच उरत नाही.

तिची नजर मात्र शिडावर नसते, ती पाण्यावर असते. दूरवर पाण्याचा एक पट्टा काळसर व खरबरीत दिसू लागला की झोत येत आहे असे समजावे. तो पोहोचताच ती गुडघे वाकवून अंग मागे टाकते आणि मागच्या हाताने शीड किंचित सैल सोडते. नाहीतर ती शिडासकट पुढे फेकली जाईल. पाणी आरशासारखे गुळगुळीत दिसले, तर तेथे वारा पडलेला असतो. मागे रेललेली स्वार तेथे सावध नसेल, तर तिची पाठ थेट पाण्यात. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण जमिनीवर ठीक आहे. शीडफळीवर वाऱ्याला पाठ देणेच फार डळमळीत असते!

आणि सूर्य कलला असता, मध्यावर असताना वारा अगदीच पडला तर? काठ जवळ दिसतो. पोहत जावे असा मोह होतो. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासते, आणि थकलेल्या हातांना ते फार लवकर कळते. शीडफळी बुडत नाही. ती आधारही देते आणि शोधणाऱ्यांना दुरून दिसते. एकटे डोके पाण्यात दिसत नाही. म्हणून फळी कदापि सोडावयाची नाही. शीड डोलकाठीभोवती गुंडाळून फळीवर ठेवावे, त्यावर पालथे पडावे, आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारीत, मध्येमध्ये विसावा घेत, सावकाश काठाकडे यावे.