थंडीचे दिवस आणि शरीराची प्रतिकारशक्ती

दिवाळी सरली की सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या शिवारात पहाटेचा गारवा जाणवू लागतो. हरभरा-गव्हाला रात्री पाणी देणारा शेतकरी, शेकोटीभोवती बसलेली वडीलधारी मंडळी आणि दारे-खिडक्या लावून घेतलेली घरे हे या दिवसांतील नेहमीचे चित्र होय. सर्दी-खोकल्याचा दोष आपण थंडीला देतो. वस्तुतः हे आजार जंतूंमुळे होतात. बंद खोलीतील हवेतून ते सहज पसरतात आणि चुलीच्या धुराने श्वसनमार्गाचे अस्तर दुबळे झाले असल्यास त्यांना आयतीच वाट मिळते.

प्रतिकारशक्ती ही बाटलीतून विकत मिळणारी वस्तू नव्हे. भाकरी, डाळ, हरभऱ्याची भाजी, तीळ, आवळा, पेरू असा आहार आणि पुरेशी झोप यांवर ती पोसली जाते. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे असते. हळदीच्या या जिल्ह्यात एक गोष्ट लिहिताना थोडा संकोच वाटतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु हळदीच्या दुधाने घशाला आराम वाटला तरी ते लसीची जागा घेऊ शकत नाही.

खरी काळजी आहे ती पाच वर्षांखालील बालकांची. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली गडचिरोली जिल्ह्यात सुरू केलेल्या प्रयोगात गावातील कार्यकर्त्यांना व सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविण्यात आले. तेथे न्यूमोनियाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते १३.५ टक्के होते.

ओळखण्याची रीत साधी आहे. बालक शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास आढळल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काढ्यावर रात्र काढू नये.

न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर मोफत दिली जाते. मात्रा सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. कोणाची मात्रा राहिली, याची विचारणा ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीकडे करावी. अंगणवाडीच्या स्वयंपाकघरातील धूर बाहेर जातो काय, हेही त्याच फेरीत पाहता येईल.