हाताची सवय सांभाळ

पुणे

चि. सोनू,


गावच्या सेवा केंद्रातला संगणक विंडोज ११ वर गेल्यापासून तुझी रोजची चिडचिड होते, हे ताईकडून कळलं. ‘मला नवीन काही जमत नाही’ असं तू तिला म्हणालीस, ते मला लागलं. ही समजूत आधी मनातून काढून टाक. सातबारा काढायचा, फाइलीला खातेदाराचं नाव द्यायचं, छापायचं, पुढच्या माणसाचा कागद हातात घ्यायचा, हे सगळं तुझे हात डोळ्यांना न विचारता करत होते. समोर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलता बोलता तू काम उरकायचीस, ते मी पाहिलंय. ती तुझी कमाई आहे. कुणीतरी लांब बसून, तुला न विचारता, पडद्यावरच्या वस्तू हलवल्या आणि त्या कमाईला धक्का लागला. तुझा राग रास्त आहे.

स्टार्ट बटणाचंच बघ. १९९५ च्या ऑगस्टात विंडोज ९५ आलं तेव्हापासून ते डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात होतं. कोपऱ्याचा गुण असा, की माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण तिथेच अडतो, नेम धरावा लागत नाही. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचाली मोजून दाखवलं होतं, की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर तितका हाताला वेळ जास्त लागतो. कोपऱ्यातलं बटण हाताला चुकवताच येत नाही. विंडोज ११ ने ते मधल्या रांगेत आणलं, आणि रांग मध्यावर धरलेली असल्याने जसजसे प्रोग्रॅम उघडावेत तसतसं ते डावीकडे सरकतं. सकाळी जिथे होतं तिथे ते दुपारी नसतं. तुझा हात चुकतो तो यामुळे.

अशी तक्रार करणारी तू पहिली नाहीस. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं, त्यात ते बटण काढूनच टाकलं होतं. जगभर ओरड झाली आणि वर्षभरातच, विंडोज ८.१ मध्ये, ते परत आलं. दरम्यान कितीतरी लोकांनी इवो बेल्चेव नावाच्या प्रोग्रॅमरचं क्लासिक शेल हे फुकट साधन घालून जुना मेनू परत मिळवला. २०१७ अखेरीस त्याने हे काम थांबवलं, पण जाताना त्याचा सगळा सोर्स कोड लोकांना खुला करून दिला. ओपन-शेल या नावाने स्वयंसेवक ते आजही चालवतात. एकट्या माणसाने लोकांच्या सवयीची एवढी कदर केली, याचं मला फार मोल वाटतं.

आता तुझ्या संगणकाचं. पहिला आठवडा काहीच बदलू नकोस. शेजारी वही ठेव, आणि हात जिथे अडखळेल ते तिथल्या तिथे टिपून ठेव. डोळ्यांना जे खटकतं ते लिहू नकोस. गोल कोपरे, फिके रंग, नवी चित्रं यांची सवय आपोआप होते, त्यांच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. वहीत जे पुन्हा पुन्हा येईल तेवढंच दुरुस्त करायचं.

माझा अंदाज, पहिली नोंद स्टार्टचीच असेल. टास्कबारवर मोकळ्या जागी राइट-क्लिक कर, टास्कबार सेटिंग्ज उघड. ‘टास्कबार बिहेविअर्स’खाली ‘अलाइनमेंट’ आहे, ते ‘लेफ्ट’ कर. बटण कोपऱ्यात जाईल. त्याच ठिकाणी बटणं एकत्र करायची की नाही हे ठरवण्याची सोय आहे, ती ‘नेव्हर’वर ठेव, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक खिडकीचं नाव खाली दिसेल. चार अर्जदारांचे चार फॉर्म उघडे असताना त्याचा किती उपयोग होतो, हे मी तुला काय सांगावं. ही सोयसुद्धा विंडोज ११ मधून आधी गायब होती, लोकांनी मागून मागून २०२३ मध्ये परत मिळवली.

दुसरी नोंद राइट-क्लिकच्या मेनूची असणार. नवा मेनू आखूड आहे आणि हवं ते ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड गेलंय. शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलंस तर जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. तो कायमचा आणण्यासाठी रजिस्ट्रीत बदल करायची युक्ती कुणीतरी तुला दाखवेल. ती चालते, पण केंद्रातल्या संगणकावर करू नकोस. शिफ्ट पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र सोयीसाठीची नाही, तरी आठवडाभर न थांबता सगळ्यांत आधी करावी अशी आहे. नव्या स्टार्ट मेनूत खालच्या बाजूला नुकत्याच उघडलेल्या फाइली दिसतात. तुझ्याकडे त्या फाइली म्हणजे कुणाचं आधार, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या बँकेच्या पासबुकाची प्रत. समोर बसलेल्या माणसाला आधीच्या माणसाचं नाव का दिसावं? सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘स्टार्ट’, तिथे नुकत्याच उघडलेल्या गोष्टी दाखवण्याचं बटण बंद कर. विंडोज आणि व्ही दाबल्यावर जुन्या कॉपी केलेल्या मजकुराची यादी दिसत असेल, तर तीही बंद ठेव. गाव तुझ्यावर विश्वासाने कागद सोपवतं.

याच कारणासाठी आणखी एक कळकळीने सांगतो. सगळा पडदा विंडोज १० सारखा करून देणारी साधनं मिळतात, त्यांतली काही प्रामाणिक माणसांनी मेहनतीने केलेली आहेत. पण ती विंडोजच्या आतल्या भागांना हात घालतात आणि अपडेटने तो भाग बदलला की कोसळतात. कधी कधी टास्कबारच येत नाही. २०२४ मध्ये अशी काही साधनं असलेल्या संगणकांना मायक्रोसॉफ्टने नवं अपडेटच अडवून ठेवलं होतं. खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली असताना, दाराशी रांग असताना, तुझा पडदा काळा पडला तर? घरच्या लॅपटॉपवर हौसेने काय हवं ते करून बघ, त्यातून खूप शिकशील. लोकांची कामं ज्यावर होतात त्या यंत्रावर फक्त विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्ज.

आता मला मनापासून सांगायचंय ते. अक्षरजुळणीच्या धंद्यात माझी हयात गेली. पेजमेकर गेलं, फॉन्ट बदलले, श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रात्री जागवल्या. या सगळ्यात पडद्यावरचं जवळपास काहीच टिकलं नाही. कीबोर्डवरचं मात्र टिकलं. फाइलीचं नाव बदलायला एफ-२, फोल्डर उघडायला विंडोज आणि ई, छापायला कंट्रोल आणि पी, एका खिडकीतून दुसरीत जायला ऑल्ट आणि टॅब. विंडोज ९५ पासून आजपर्यंत या कळा आपल्या जागेवर आहेत. स्टार्ट बटण कुठेही जाऊ दे, कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली की मेनू उघडतोच. तुझी इनस्क्रिप्ट बघ. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती मांडणी ठरवली: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ती कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही, म्हणून तिची मांडणी कुणी एका रात्रीत उलटीपालटी करू शकत नाही. सवय लावायचीच तर अशा ठिकाणी लाव. माउसने केलेलं रोजचं एकेक काम हळूहळू कळांवर आण, एका वेळी एकच.

मराठी-इंग्रजीच्या घोळावरही उपाय आहे. सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या प्रगत पर्यायांत प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवण्याची सोय आहे. ती चालू केलीस की अर्जात मराठी आणि दुसऱ्या खिडकीत इंग्रजी, आपापल्या जागी राहील.

कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो संगणक भंगारात देऊ नकोस. त्यावर लिनक्स मिंट घालू. २०११ मध्ये नोम या लिनक्सच्या पडद्याचा चेहरामोहरा असाच बदलला, तेव्हा नाराज मंडळींनी जुना पडदा पुढे चालू ठेवला. सोर्स कोड खुला असल्याने त्यांना तसं करता आलं. त्यातून माटे निघालं, आणि मिंटच्या लोकांनी सिनॅमन हा स्वतःचा पडदा उभा केला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, तुला ओळखीचं वाटेल. इनस्क्रिप्ट तिथेही चालते. मात्र अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का, हे देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस. टायपिंग, छपाई आणि स्कॅनिंगपुरता तो संगणक निश्चित उपयोगी पडेल.

आणि तक्रार जरूर कर. विंडोज आणि एफ दाबलंस की ‘फीडबॅक हब’ उघडतं, तिथे लिही. १ जून २०१७ ला आपल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप सुरू केला, तेव्हा काय हवं हे त्यांनी मुद्देसूद मांडलं होतं. त्या दुःखाशी माउसच्या अडचणीची तुलना मी करणार नाही, पण मागणी नेमकी असावी हे आपल्याच गावाकडून शिकण्यासारखं आहे. ‘नवं आवडलं नाही’ एवढंच लिहू नकोस. कुठलं काम, आधी किती क्लिक, आता किती, ते लिही.

केलेला प्रत्येक बदल, तारखेसकट, त्याच वहीत मागच्या पानावर टिपून ठेव. अपडेटनंतर काही बिघडलं तर आधी तिथे बघता येईल, आणि तू सुट्टीवर असताना बसणाऱ्या मुलालाही कळेल. मिंटचा पेनड्राइव्ह मी तयार करून ठेवतो. तोवर जुन्या संगणकातल्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेव आणि त्याची रॅम किती आहे ते कळव.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा