शिफारसपत्रातील सूचितार्थ

पॉल ग्राइस यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ या निबंधात एका शिफारसपत्राचे उदाहरण येते. तत्त्वज्ञानाशी संबंधित पदासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याविषयी प्राध्यापक एवढेच लिहितात : त्याचे इंग्रजी उत्तम आहे, उपस्थिती नियमित आहे. विषयातील गतीबद्दलच्या मौनातून प्रतिकूल मत सूचित होते.

यातील प्रत्येक विधान खरे असू शकते. तरीही उमेदवाराविरुद्ध निर्णय सुचवला गेला आणि त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही. म्हणून शंका असल्यास ती प्रथम उमेदवारालाच सांगावी. पत्र लिहिलेच, तर आपल्या माहितीची मर्यादा त्यात स्पष्ट नोंदवावी.

स्वाध्याय : लेखापालाच्या शिफारसपत्रात केवळ ‘ते वक्तशीर आहेत’ एवढेच लिहिल्यास कोणता अर्थ सूचित होईल?