रऊबेनाचा मेंढवाडा

शास्त्रपाठ : शास्ते, अध्याय ४ व ५. विशेष मनन : ५:१५-१८.
सोबत वाचावे : उत्पत्ती ३७:१८-३०, गणना ३२:१-२४, इब्री ११:३२-३४.



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक देखावा नित्याचा झाला आहे. उपासनेच्या वेळी बायामुले पुढे बसतात. पुरुष दाराशी, किंवा दाराबाहेर. घरी संध्याकाळची प्रार्थना झालीच तर ती आई करते. ह्या पुरुषांनी प्रभूला सोडले आहे, असे मुळीच नाही. पेरणी आटोपली म्हणजे, मुलीचे लग्न उरकले म्हणजे, कर्ज फिटले म्हणजे आपण प्रभूच्या कार्यास लागू, असा त्यांचा प्रामाणिक निश्चय असतो. अशा निश्चयाचे पुढे काय होते, हे आजच्या पाठावरून पाहू.

१. युद्धाचा प्रसंग. हासोरचा राजा याबीन ह्याने इस्राएल लोकांस २० वर्षे जाचले. त्याचा सेनापती सीसरा ह्याच्यापाशी ९०० लोखंडी रथ होते. इकडे इस्राएलातील ४०,००० पुरुषांत ढाल किंवा भाला दृष्टीस पडत नव्हता. अशा वेळी दबोरा ह्या संदेष्ट्रीने बाराकाला बोलावून देवाची आज्ञा कळवली. तू सोबत येशील तरच मी जाईन, असे तो म्हणाला. तरी १०,००० पुरुष घेऊन तो ताबोर डोंगरावर चढला खरा. मग किशोन नदी शत्रूस वाहवून घेऊन गेली, असे गीतात सांगितले आहे. भर पावसात काळ्या रानातून बैलगाडी हाकणाऱ्यास त्या रथांची काय गत झाली असेल, हे सांगावयास नको. सीसरा रथातून उतरून पायी पळाला.

२. दबोरेने घेतलेली हजेरी. जयानंतरच्या गीतात कोण आले व कोण आले नाहीत, ह्याची जणू हजेरीच घेतली आहे. जबुलून व नफताली ह्यांनी जिवाची पर्वा केली नाही. गिलाद यार्देनेपलीकडे राहिला, दान आपल्या जहाजांपाशी, आशेर समुद्रकिनारी. रऊबेनाविषयी मात्र अधिक सांगितले आहे. त्याने नकार दिला, असे गीत म्हणत नाही. त्याच्या वंशात मनाचे मोठमोठे निश्चय झाले. परंतु तो मेंढवाड्यात बसून कळपांसाठी वाजणारा पावा ऐकत राहिला. पुढे तेच वाक्य पुन्हा येते, पण त्यातील एक शब्द बदलतो. पहिल्या वेळी निश्चय, दुसऱ्या वेळी नुसती मनाची चाचपणी. मूळ इब्री भाषेत ह्या दोन शब्दांत एका अक्षराचा भेद आहे. बसून राहणाऱ्याचा निश्चय इतक्या थोडक्यात ढळतो, आणि ते त्याचे त्यालाही कळत नाही.

३. त्या वंशाचा पूर्ववृत्तांत. हा दोष मूळ पुरुषापासूनच दिसतो. योसेफाला भावांनी मारू नये म्हणून रऊबेनानेच मध्यस्थी केली. त्याला खड्ड्यातून काढून बापाकडे पोहोचवावे, असा त्याचा बेत होता. बेत चांगला होता. पण तो परत आला तेव्हा खड्डा रिकामा होता. तरी ह्याच वंशाने एकदा आपला शब्द पाळलाही होता. गाद व रऊबेन ह्यांची गुरेढोरे पुष्कळ होती, म्हणून त्यांनी यार्देनेच्या पूर्वेकडील कुरणे मागितली. तुमचे भाऊ लढावयास जात असता तुम्ही येथे बसणार काय, असे मोशेने त्यांस विचारले. तेव्हा त्यांनी कबूल केले की, मेंढवाडे बांधू, मुलाबाळांची सोय करू, आणि सशस्त्र होऊन भावांच्या पुढे चालू. त्याप्रमाणे ते यहोशवाच्या दिवसांत चालले (यहोशवा २२). तात्पर्य, मेंढवाडा बांधणे पाप नव्हे. संसार देवानेच दिला आहे. मेंढवाडा बांधून निघणारे आणि मेंढवाडा बांधून बसणारे एकाच वंशातले होते.

४. आपला पावा कोणता? पावा ही काही वाईट वस्तू नव्हे. त्याचा नाद गोड लागतो, एवढाच त्यातील धोका. पारावरच्या गप्पा, निवडणुकीच्या वार्ता, बांधावरचा तंटा, आणि रात्री अंथरुणावरही हातातून न सुटणारा मोबाईल, ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट मनुष्यास उघड पापात ढकलतेच असे नाही. ती त्याला बसवून ठेवते, आणि बसल्या बसल्या मुले मोठी होऊन जातात.

५. लेखकाचा कबुलीजबाब. हे मी दुसऱ्यांसच सांगत आहे, असे समजू नये. आमच्या मंडळीतील एक विधवा बाई माझ्याकडे तीन वेळा आली. तिचा मुलगा दारूस लागला होता. पाळकांनी येऊन त्याच्याशी बोलावे, एवढीच तिची विनंती होती. मी मनापासून होय म्हटले. पण त्या आठवड्यात मंडळीच्या जमाखर्चाची तपासणी होती, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी लग्न लावावयाचे होते. मी गेलो तेव्हा तो मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला होता. हंगाम संपल्यावर टोळी परतली. तो परतला नाही. ती माउली दर रविवारी उपासनेस येते व मला एका शब्दानेही दोष देत नाही. उत्पत्तीचा तो ३७ वा अध्याय मला आता सहज वाचवत नाही. उपदेशक बंधूंनो, आपला मेंढवाडा पुष्कळदा मंडळीच्या आवारातच असतो.

६. आशेचे वचन. पुरुष बसून राहिले म्हणून देवाचे कार्य थांबत नाही. सीसऱ्याचा अंत याएल नावाच्या स्त्रीच्या हातून झाला. इ. स. १९०५ साली केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मोठी जागृती झाली, ती प्रार्थना करणाऱ्या मुलींत व स्त्रियांत झाली. ह्याबद्दल देवाची स्तुती करावी. पण त्यावरून आपणांस सुटी मिळाली, असे कोणी समजू नये. बाराक कचरला होता, तरी विश्वास धरणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव इब्री ११:३२ मध्ये लिहिलेले आहे, कारण तो उठून गेला. आणि ज्याच्या बळावर आपण उठावयाचे, तो प्रभू येशू स्वतः मागे राहिला नाही. पुढे वधस्तंभ आहे हे जाणूनही त्याने यरुशलेमेकडे तोंड वळवले (लूक ९:५१). आपल्या मागील आळसाची क्षमा त्याच्याच ठायी आहे.

७. ह्या आठवड्याचे कार्य. ‘केव्हातरी करू’ ह्या निश्चयाला वार आणि नाव द्यावे. प्रत्येक पुरुषाने एका मनुष्याचे नाव मनात धरावे : व्यसनी शेजारी, दुरावलेला भाऊ, शाळा सोडलेला मुलगा. त्याच्याकडे जाण्याचा दिवस ठरवून तो पत्नीस सांगावा, म्हणजे ती आठवण देईल. त्याच दिवसापासून घरच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र बापाने हाती घ्यावे. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचवून घ्यावे, आणि प्रार्थना आपण करावी. दोन वाक्ये झाली तरी पुरेत.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
(१) रऊबेनाच्या निश्चयात काय उणे होते?
(२) बाराक व रऊबेन ह्या दोघांच्या मनांत भीती किंवा शंका होती. मग भेद कोठे पडला?
(३) माझ्या घरी पावा कोणता, व तो कोणत्या वेळी वाजतो?
(४) ज्याच्याकडे जाण्याचे मी वारंवार पुढे ढकलले, असा मनुष्य कोण?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सभेत देण्याची गरज नाही. सभा सुटल्यावर घरी न जाता त्या मनुष्याच्या दाराशी जावे. खड्डा अजून रिकामा झाला नसेल.