सर्व्हर जर्मनीत, पण बटण तुमच्या हातात हवं!



समजा, तुम्ही चाळीस दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने देता. ते चालतं एका सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर तुम्ही जर्मनीतल्या कंपनीकडून भाड्याने घेतलाय. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, ऐन गर्दीत, सर्व्हर हँग होतो. चाळीस दुकानदारांचे फोन सुरू होतात. आता काय कराल?

घरचा कॉम्प्युटर अडकला की आपण बटण दाबून बंद-चालू करतो. इथे बटण सहा हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. म्हणून आजचा धडा एवढाच: सर्व्हर भाड्याने घेताना आपण मेमरी बघतो, डिस्क बघतो, भाडं बघतो, पण बटण कोणाच्या हातात आहे, हे विचारत नाही. ते आधी विचारायचं.

लांबून बटण दाबतं कोण?

शेतातला मोबाइल स्टार्टर पाहिलाय ना? शेतकरी घरी बसून फोन लावतो आणि विहिरीवरची मोटार सुरू होते. कारण स्टार्टरमध्ये स्वतःचं वेगळं सिमकार्ड असतं. मोटार बंद असली तरी स्टार्टर जागा असतो.

सर्व्हरमध्येही असंच असतं. मुख्य बोर्डावर एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर बसवलेला असतो. मुख्य मशीन बंद असो वा हँग झालेलं असो, वायरमध्ये वीज आहे तोवर तो जागा राहतो. त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही पद्धत इंटेलच्या पुढाकाराने १९९८ मध्ये आली. डेलच्या सर्व्हरमध्ये या सोयीला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ. दुसरा मार्ग म्हणजे लांबून चालू-बंद करता येणारी पॉवर पट्टी. ती थेट सर्व्हरचा वीजपुरवठाच तोडते आणि पुन्हा जोडते.

चार पायऱ्या, याच क्रमाने

जर्मनीच्या हेट्झनर कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या 'रोबोट' नावाच्या पॅनलवर ग्राहक स्वतःच हे करू शकतो.

१. साधा रीस्टार्ट: कीबोर्डवरून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यासारखा. सर्व्हर ऐकत असेल तर हाच वापरा.

२. हार्डवेअर रीसेट: म्हणजे जबरदस्ती. त्या क्षणी डेटाबेसमध्ये बिल लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहू शकतं. म्हणून घाईने इथे उडी मारू नका.

३. रेस्क्यू सिस्टिम: सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून सुरू न होता नेटवर्कवरून एका छोट्या लिनक्सवर सुरू होतो. मग डिस्क तपासा, डेटा बाहेर काढा.

४. माणसाला पाठवणं: तिथला तंत्रज्ञ रॅकपाशी जाऊन हाताने रीसेट करतो. यात वेळ जातो. अनेक कंपन्यांकडे अशा कामाचे वेगळे पैसेही लागतात.

'ऑटोमॅटिक सपोर्ट' म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीत हा शब्द दिसला की आपल्याला वाटतं, चला, आता डोक्याला ताप नाही. थांबा! ॲमेझॉनच्या क्लाउडवर बघा. तिथे प्रत्येक सर्व्हरच्या दोन मुख्य तपासण्या आपोआप होत असतात. पहिली तपासणी ॲमेझॉनच्या बाजूची: वीज, नेटवर्क, हार्डवेअर. इथे बिघाड सापडला तर बऱ्याच प्रकारच्या सर्व्हरना यंत्रणा आपोआप दुसऱ्या हार्डवेअरवर उभं करते. दुसरी तपासणी तुमच्या बाजूची: मेमरी भरली, सेटिंग चुकलं, ऑपरेटिंग सिस्टिम अडकली. ती दुरुस्ती तुम्हीच करायची. फार तर 'ही तपासणी नापास झाली की रीस्टार्ट कर' असा अलार्म लावून ठेवता येतो.

म्हणजे यंत्र बटण दाबून देईल, पण सर्व्हर का अडकला हे शोधणार नाही. रीस्टार्टनंतर लॉग वाचला नाहीत, तर पुढच्या शनिवारी तोच तमाशा!

बटणापर्यंतचा रस्ता वेगळा ठेवा

४ ऑक्टोबर २०२१ आठवतंय? फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं जवळपास सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं नेटवर्कच तुटलं. आणीबाणीसाठी ठेवलेला लांबून पोहोचायचा वेगळा मार्गही चालेना. शेवटी इंजिनिअरना डेटा सेंटरवर पाठवावं लागलं, आणि कडक सुरक्षेमुळे आत मशीनपर्यंत पोहोचायलाही वेळ गेला.

आता स्वतःकडे बघा. तुमच्या पॅनलचा ओटीपी ज्या ईमेलवर येतो, तो ईमेल त्याच सर्व्हरवर आहे का? असेल तर घराची चावी घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं. तो ईमेल आजच बदला.

आणि हो, हे बटण चोराच्या हाती लागलं तर तो सर्व्हरचा मालकच होतो. आयपीएमआय थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, असा इशारा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्येच दिला होता. मूळ पासवर्ड बदला आणि व्हीपीएनमधूनच आत जा.

पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. रात्री दोन वाजता, कोणालाही फोन न करता, मी सर्व्हर बंद-चालू करू शकतो का?

२. रेस्क्यू सिस्टिम आहे का?

३. वीज जाऊन आली तर सर्व्हर आपोआप सुरू होतो का?

४. कोणता बिघाड तुम्ही आपोआप दुरुस्त करता आणि कोणता माझा मी करायचा?

५. तंत्रज्ञ किती वेळात हात लावतो आणि त्याचे किती पैसे?

उत्तरं लेखी घ्या. महिन्याला दोनशे रुपये वाचवून बटण गमावलंत, तर तो व्यवहार स्वस्तातला नाही. दुकानदार तुम्हाला पैसे देतो ते काउंटरवर बिल निघावं म्हणून. सर्व्हर कोणत्या देशात आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: कामाची वेळ संपल्यावर, आधी बॅकअप घेऊन आणि ग्राहकांना कळवून, तुमचा सर्व्हर मोबाइलवरून एकदा रीस्टार्ट करून बघा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेवा. दुकानदाराचा फोन आला की 'बघतो' म्हणण्याऐवजी तुम्ही त्याला मिनिटं सांगू शकाल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!