बदलत्या प्रवर्धनाचे प्रवर्धक

चंडीगढला लागून असलेल्या मोहाली येथे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये ५ मायक्रॉन तंत्राने संकलित मंडलांचे उत्पादन सुरू झाले. १९८९ मधील आगीत कारखान्याची मोठी हानी झाली. तथापि काम पुन्हा उभे राहिले व कालांतराने तेथे १८० नॅनोमीटर सीमॉस तंत्र आले. अशा मंडलांत अंकगणित करणाऱ्या भागांइतकेच महत्त्व संकेत हाताळणाऱ्या ॲनलॉग भागांना असते. बदलत्या प्रवर्धनाचा प्रवर्धक हा त्यांपैकीच एक होय.

रेडिओग्राहीकडे येणारा संकेत कधी क्षीण तर कधी प्रबळ असतो. प्रवर्धन कायम ठेवल्यास क्षीण संकेत गोंगाटात बुडतो आणि प्रबळ संकेताचे माथे छाटले जाते. म्हणून प्रवर्धन गरजेनुसार कमीअधिक करता आले पाहिजे.

दोन सारख्या ट्रँझिस्टरांचे उत्सर्जक एकत्र जोडून त्यांना सामाईक प्रवाह दिला, तर या जोडीचे प्रवर्धन प्रवाहाच्या प्रमाणात बदलते. समजा, प्रत्येक ट्रँझिस्टरमधून ०.१ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो व प्रत्येकाचा भाररोध १,००० ओहम आहे. रोधावर ०.१ व्होल्ट दाब पडतो. त्याला सामान्य तापमानाच्या सुमारे २६ मिलिव्होल्ट औष्णिक दाबाने भागले असता प्रवर्धन ३.८ पट येते. प्रवाह १० पट केला की ते ३८ पट, म्हणजे २० डेसिबेलने अधिक होते. परंतु त्याच वेळी रोधावरील स्थिर दाबही १ व्होल्टपर्यंत चढतो आणि पुढील टप्प्याची पातळी ढळते.

या अडचणीवरील उपाय बॅरी गिल्बर्ट यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणक मंडलात दिसतो. तेथे एकूण प्रवाह कायम ठेवून त्याची वाटणी बदलली जाते. एक वाटा भाररोधांवर सुलट, तर दुसरा उलट जोडलेला असतो. त्यामुळे संकेतांची वजाबाकी होते, पण स्थिर प्रवाहांची बेरीज तीच राहते. मात्र प्रवर्धन कमी केले तरी ट्रँझिस्टरांचा स्वतःचा गोंगाट त्या प्रमाणात घटत नाही.

सीमॉस ट्रँझिस्टरची गोष्ट निराळी आहे. त्याचे प्रवर्धन साधारणतः प्रवाहाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते. १० पट प्रवर्धनासाठी १०० पट प्रवाह लागेल. म्हणून तेथे पुष्कळदा स्विचांनी रोधकांचे गुणोत्तरच बदलतात. चिपवरील एकेका रोधकाचे मूल्य ठरल्यापेक्षा बरेच वेगळे पडू शकते. शेजारच्या दोन सारख्या रोधकांचे गुणोत्तर मात्र अचूक राहते.

तापमानाचाही विचार करावा लागतो. औष्णिक दाब निरपेक्ष तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या जोडीचे प्रवर्धन उष्णतेने घटते. त्याच प्रमाणात वाढणारा प्रवाह जोडीला पुरविला की दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात. एकट्या घटकाच्या मूल्यावर न विसंबता गुणोत्तरांवर विसंबणे, हेच संकलित मंडलाच्या रचनेचे मुख्य सूत्र होय.