कॉलेजचा खरा खर्च



बारावीचा निकाल लागला की पनवेलच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: लेकराला कॉलेजात धाडावे की नाही? कोणी म्हणतो, "फी माफ आहे, मग चिंता कसली?" दुसरा म्हणतो, "हे आपले काम नव्हे." दोघेही हिशेब न करिताच बोलतात. तो हिशेब आज आपण शिकू या.

१. माफी कशाची, हे पाहावे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास इत्यादी वर्गांतील मुलींस सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी माफ केली. प्रवेश मात्र केंद्रीय पद्धतीने झालेला असावा. पुस्तके, प्रवास व खानावळ ह्या माफीत येत नाहीत.

२. उरलेला खर्च मांडावा. समजा, एका मुलाची शिक्षण-फी १,००,००० रुपये आहे आणि निम्मी माफ झाली. राहिले ५०,०००. इतर फी १०,०००, पुस्तके १०,०००, प्रवास व जेवण २०,००० धरिले, तर वर्षाला ९०,००० रुपये घरातूनच जावयाचे. शिवाय मुलाची मजुरी बुडते, ती निराळी.

३. कर्जास मदत म्हणू नये. दरसाल १,००,००० प्रमाणे चार वर्षे कर्ज काढिले आणि व्याज शेकडा १० असले, तर शिक्षण संपून एक वर्ष होईतो, म्हणजे हप्ते सुरू होण्यापूर्वीच, सरळ व्याजाने १,४०,००० रुपये चढतात. शक्य तर व्याज दरमहा भरीत जावे.

४. जवळचा मार्ग आधी पाहावा. अनुदानित महाविद्यालयांत फी बरीच कमी असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलीतच आहे. "कमवा व शिका" ही वाट भाऊरावांनीच गरिबांच्या मुलांस घालून दिली. घरून जाऊन येता आले, तर वसतिगृहाचा खर्चही वाचतो.

तात्पर्य, भिऊन मुलीला घरी बसवू नये आणि भुलून शेतही गहाण टाकू नये. प्रवेशापूर्वी आईबापांनी व लेकराने एकत्र बसून सर्व वर्षांचा आकडा कागदावर लिहावा. शिकणाऱ्यास तो ठाऊक असला, म्हणजे तोही जपून वागतो.

विचारासाठी प्रश्न:
१. माफीनंतर आपल्या घरास दरसाल किती भरावे लागेल?
२. त्यांपैकी कर्ज किती, व ते कोण फेडणार?